'रिबेका' : खून की अपघात?

डॅफ्ने द्यू मोरिए यांच्या 'रिबेका' (१९३८) या कादंबरीत मॅक्सिम आपल्या पहिल्या पत्नीला गोळी घालून ठार करतो. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या चित्रपटात (१९४०) मात्र ती अडखळून पडते आणि डोक्याला मार लागून मरते. पत्नीचा खुनी शिक्षेवाचून सुटलेला दाखवणे हॉलिवूडच्या तत्कालीन आचारसंहितेला मान्य नव्हते. म्हणून खुनाचा अपघात झाला. बदल एकाच प्रसंगाचा, पण आमच्या मते त्यात कथेचा गाभाच निसटला. कादंबरीतील निनावी निवेदिका पतीचा गुन्हा ऐकून मनोमन सुखावते. कारण त्याचे रिबेकावर कधीच प्रेम नव्हते, हे तिला कळते. तिच्याबरोबर वाचकही खुन्याच्या सुटकेची वाट पाहू लागतो. चित्रपटाने मॅक्सिमला निर्दोष ठरवले, आणि प्रेक्षकालाही. अपराधात सामील झाल्याची ती बोच पुस्तकातच राहिली.