'लिव्हरला शेक चालत नाही' म्हणणाऱ्यांसाठी

रनाळ्यात कुणाला कॅन्सर झाला की पारावर पहिला शब्द निघतो तो 'शेक'. परवा गल्लीतल्या एका काकांच्या यकृताच्या गाठीचा विषय निघाला. "लिव्हरला शेक चालत नाही," एकजण ठासून म्हणाला. राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

तो अगदीच चुकीचा नव्हता, फक्त तीसेक वर्षं मागे होता. पूर्वी किरण बरेचसे अख्ख्या यकृतावर पडायचे. गाठ मरेल एवढा डोस दिला तर यकृतच निकामी व्हायचं. त्यात श्वासागणिक यकृत वर-खाली सरकतं. नेम धरायचा कसा?

स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली मेंदूसाठी अचूक नेमाची कल्पना मांडली. पण कवटी घट्ट धरता येते, पोट कसं धरणार? १९९० च्या दशकात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ब्लोमग्रेन आणि लॅक्स यांनी रुग्णाला चौकटीत झोपवलं, पोटावर दाब देऊन श्वास उथळ ठेवला आणि मोजक्याच बैठकांत गाठीवर मोठा डोस दिला. हीच आजची 'एसबीआरटी'. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात (सुरुवात १९४१) ती होते.

सगळ्यांनाच ती लागू पडत नाही, हेही खरं. गाठ केवढी, कुठे, आणि उरलेलं यकृत किती धड आहे, हे बघूनच डॉक्टर ठरवतात. दारूने किंवा जुन्या काविळीने यकृत आधीच गेलं असेल तर अवघड. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, पाराने नव्हे.

काका रविवारी नंदुरबारहून गाडीने निघताहेत. सगळे रिपोर्ट, सीटीची सीडी, रेशनकार्ड, आधार पिशवीत भरून दिलंय.