बाल सुरक्षा आसन

बाल सुरक्षा आसन हे मोटारगाडीतून प्रवास करणाऱ्या लहान मुलांना अपघाताच्या वेळी इजा होऊ नये किंवा ती कमी व्हावी यासाठी तयार केलेले विशेष आसन आहे. बोलीभाषेत ते चाइल्ड सीट, कार सीट किंवा बेबी सीट या नावांनी ओळखले जाते. गाडीतील सुरक्षा पट्टा (सीट बेल्ट) प्रौढ व्यक्तीच्या बांध्याप्रमाणे आखलेला असल्यामुळे तो लहान मुलाच्या मानेवर आणि पोटावर येतो. ही उणीव भरून काढणे हा या आसनाचा मुख्य उद्देश आहे.

इतिहास

१९३० च्या दशकात मुलांसाठी मिळणारी आसने सुरक्षेसाठी नव्हती. मुलाला एका जागी बसवणे आणि खिडकीबाहेरचे दिसेल इतके उंच करणे एवढेच त्यांचे काम होते. १९६२ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड रिव्हकिन आणि ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी सुरक्षेचा विचार करून स्वतंत्रपणे आसने तयार केली. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांना अंतराळवीरांच्या आसनांवरून मागे तोंड असलेल्या आसनाची कल्पना सुचली. प्रक्षेपणाच्या वेळी अंतराळवीरांच्या पाठीवर बल समान विभागले जाते, हे तत्त्व त्यांनी मुलांसाठी वापरले. अशा आसनाच्या नमुन्याची चाचणी १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत झाली.

अमेरिकेत १९७१ मध्ये या आसनांसाठी पहिले संघीय मानक लागू झाले. प्रत्यक्ष धडक चाचणीची अट १९८१ मध्ये आली. टेनेसी हे आसनाचा वापर सक्तीचा करणारे पहिले अमेरिकी राज्य ठरले. तेथील कायदा १९७८ च्या आरंभी अमलात आला. १९८५ पर्यंत सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले.

कार्यतत्त्व

ताशी ५० कि.मी. वेगाने जाणारी गाडी धडकून सुमारे ०.१ सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाच्या मुलाला रोखण्यासाठी साधारण १,४०० न्यूटन बल लागते. हे बल सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके आहे. ही धडक सुमारे १० मीटर उंचीवरून पडण्यासारखी असते. त्यामुळे मांडीवर घेतलेल्या मुलाला अशा वेळी हातांनी धरून ठेवणे कोणत्याही प्रौढ व्यक्तीला शक्य नसते. मांडीवरील मुलासह स्वतःभोवती एकच पट्टा लावणे अधिक घातक ठरते, कारण मूल पट्टा आणि प्रौढाचे शरीर यांच्यामध्ये चिरडले जाते.

अर्भकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मानेचे स्नायू व मणके पुरेसे बळकट नसतात. समोरून धडक बसल्यास पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे डोके जोराने पुढे फेकले जाते व मानेवर ताण येतो. मागे तोंड असलेल्या आसनात डोके, मान व पाठ यांना एकत्र आधार मिळतो आणि बल पूर्ण पाठीवर पसरते.

प्रकार

* मागे तोंड असलेले आसन – नवजात बालकांपासून वापरले जाते. याचा एक प्रकार उचलून नेता येणाऱ्या पाळण्यासारखा असतो.
* पुढे तोंड असलेले आसन – यात खांदे, कंबर व पायांच्या मधून येणारा पाच बिंदूंचा पट्टा असतो.
* परिवर्तनीय आसन – आधी मागे व नंतर पुढे तोंड करून वापरता येते.
* बूस्टर – मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा योग्य जागी आणणारे आसन. पाठ असलेल्या बूस्टरमध्ये डोक्याला बाजूनेही आधार मिळतो.

निवड

आसन निवडताना वयापेक्षा मुलाचे वजन व उंची यांना महत्त्व असते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या आर-४४ या नियमात वजनानुसार गट केलेले आहेत. २०१३ पासून लागू झालेल्या आर-१२९ या नियमात उंची हा आधार असून बाजूच्या धडकेची चाचणीही समाविष्ट आहे. या नियमानुसार १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड असणे बंधनकारक आहे. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ मध्ये वयाची मर्यादा वगळली. त्या आसनासाठी ठरवलेली कमाल वजन वा उंची गाठेपर्यंत मुलाला मागे तोंड करून बसवावे, अशी तिची शिफारस आहे.

मानकाची खूण असलेले, मुलाला व गाडीला बसणारे आसन घ्यावे. खरेदीपूर्वी ते गाडीत बसवून पाहणे इष्ट असते. जुने आसन घेताना त्याचा पूर्वेतिहास माहीत असावा. मोठ्या अपघातात सापडलेले, तडा गेलेले, भाग हरवलेले किंवा उत्पादकाने दिलेली मुदत संपलेले आसन वापरू नये.

बसवण्याची पद्धत

आसन गाडीच्या पट्ट्याने किंवा आयसोफिक्स पद्धतीने बसवतात. आयसोफिक्समध्ये गाडीच्या बैठकीच्या सांध्यात असलेल्या दोन धातूच्या कड्यांत आसनाचे खटके अडकतात. आसन पुढे कलंडू नये यासाठी वरचा बंध किंवा तळाचा आधारपाय असतो. आर-१२९ नुसार आयसोफिक्सने जोडलेले, स्वतःचा पट्टा असलेले आसन व मूल यांचे एकत्रित वजन ३३ किलोपेक्षा अधिक नसावे.

# शक्यतो मागील बैठक निवडावी. समोरची एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेले आसन तेथे कधीही ठेवू नये. उघडणारी एअरबॅग आसनाच्या पाठीवर आदळून मुलाचा जीव जाऊ शकतो.
# पट्टा उत्पादकाने दाखवलेल्या मार्गानेच ओवावा व घट्ट ओढावा. त्या मार्गाजवळ धरून हलवल्यास आसन २.५ सें.मी. पेक्षा जास्त सरकू नये.
# मागे तोंड असलेल्या आसनाचा कल सूचनेप्रमाणे ठेवावा. आसन फार सरळ असल्यास अर्भकाची मान पुढे झुकून श्वास अडू शकतो.
# खांद्याचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा खाली, तर पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा वर असावेत.
# पट्टा बांधल्यावर खांद्याजवळ चिमटीत पकडता येईल इतका सैल राहू नये. जाड स्वेटर किंवा दुलईवरून पट्टा बांधू नये. पांघरूण पट्ट्यावरून घालावे.

बूस्टरचा वापर साधारणपणे १३५ ते १५० सें.मी. उंचीपर्यंत करतात. मुलाची पाठ बैठकीला टेकते, गुडघे बैठकीच्या कडेला वाकतात, खालचा पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडांवर बसतो आणि वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधून जातो, तेव्हा बूस्टरची गरज उरत नाही.

परिणामकारकता

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार, प्रवासी मोटारींतील अर्भकांच्या मृत्यूचा धोका अशा आसनांमुळे ७१ टक्क्यांनी, तर १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. मात्र हा लाभ आसन योग्य रीतीने बसवण्यावर अवलंबून असतो.

भारतातील तरतुदी

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये मूळ कायद्यात कलम १९४-ब समाविष्ट झाले. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा किंवा बाल सुरक्षा आसनाविना नेणाऱ्या चालकास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या ऐच्छिक मूल्यांकनात गाडीतील बालकांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण दिले जातात. दुचाकीसाठी नियम निराळे आहेत: ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा व हेल्मेट आवश्यक असून वेग ताशी ४० कि.मी. पेक्षा जास्त नसावा.

हेही पाहा

* सुरक्षा पट्टा
* एअरबॅग
* रस्ता सुरक्षा