हौशी मंडळींचे नभोनाट्य

‘हौशी’ हा शब्द आपण मराठी माणसे जरा गालातल्या गालात हसूनच वापरतो. गणेशोत्सवात गावच्या पोरांनी नाटक बसवले आणि ऐन प्रवेशात राजेसाहेबांची दाढी सुटली, की आपण म्हणतो, ‘चालायचंच, हौशी मंडळी आहेत!’ वाचकहो, इतिहासात मात्र या शब्दाची पत बरीच मोठी आहे. ती कशी कमावली गेली हे सांगण्यासाठी मी आज एक लांबचे, विलायतेतले उदाहरण घेतले आहे. विषय नभोनाट्याचा, त्यातही विज्ञानकथेवरच्या नभोनाट्याचा. ही नाटके करणारी माणसे नभोवाणीची नोकर नव्हती. त्यांच्याजवळ स्टुडिओ नव्हता, पैसा नव्हता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परवाना नव्हता.

आधी एक शंका दूर करू. आपण म्हणाल, विज्ञानकथा म्हणजे आकाशयाने, परग्रह, यंत्रमानव. हा सारा देखावा नुसत्या आवाजावर कसा उभा राहायचा? पण आपल्याला हे नवीन का वाटावे? आपला कीर्तनकार एका चिपळीवर लंका उभी करतो आणि दुसऱ्या चिपळीवर ती जाळतो. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी किती श्रोत्यांनी डोळ्यांनी पाहिले होते? तरी ते घरचेच वाटत. रंगमंचावर सोन्याचा महाल उभारायला सुतार लागतो, रंगारी लागतो; आवाजात तो एका वाक्यात उभा राहतो. म्हणून खिशात पैसा नसलेल्या माणसाला आवाजाचे नाटक जवळचे वाटते. आकाशयान आणि बैलगाडी यांचा खर्च तेथे सारखाच. अडचण येते ती दुसऱ्याच जागी. तिच्याकडे आपण ओघाने येऊच.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बी. बी. सी. ने दूरचित्रवाणीवर ‘डॉक्टर हू’ नावाची मालिका सुरू केली. ‘डॉक्टर’ या एकाच नावाने ओळखला जाणारा एक विक्षिप्त गृहस्थ काळातून आणि अवकाशातून प्रवास करतो. त्याचे यान बाहेरून दिसते लंडनच्या रस्त्यावरच्या पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीसारखे, आणि आत शिरावे तर भल्या मोठ्या वाड्याएवढे! ही मालिका चित्राची खरी, पण तिचा अर्धा जीव आवाजात होता. बी. बी. सी. ने १९५८ मध्ये विचित्र आवाज तयार करण्यासाठी एक खास विभाग काढला होता. तेथे डेलिया डर्बिशायर या बाईंनी रॉन ग्रेनरच्या चालीवरून मालिकेचे सूचक संगीत बांधले. वाजवले नाही हं, बांधले. एकेक सूर ध्वनिफितीवर घ्यायचा, ती फीत कात्रीने कापायची आणि तुकड्याला तुकडा चिकटवायचा. यान निघताना जो घरघराट होतो, तो ब्रायन हॉजसन यांनी एका जुन्या पियानोच्या तारांवर किल्ली घासून मिळवला. म्हणजे अधिकृत मंडळीसुद्धा कशावर भागवीत होती ते पाहा.

त्याच १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट बाजारात आणली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो पुढे वीस वर्षांनी आला.

मधल्या काळात बी. बी. सी. ने एक असे काम केले की इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते वाचून हळहळ वाटते. चित्रफिती महाग होत्या आणि त्या पुसून पुन्हा वापरता येत. नटसंघटनेशी झालेल्या करारामुळे जुने भाग वाटेल तितक्या वेळा दाखवता येत नसत. मग ठेवायचे कशाला? १९६७ ते १९७८ या काळात जुने भाग पुसले गेले, नष्ट केले गेले. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भागांचे चित्र आज उपलब्ध नाही. आपल्याला विलायतेला हसण्याचे कारण नाही म्हणा. १९३१ च्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज कोणाजवळ नाही.

पण गंमत अशी की, त्या हरवलेल्या भागांपैकी प्रत्येकाचा आवाज शिल्लक आहे. तो कोणी ठेवला? शाळकरी मुलांनी! घरच्या दूरचित्रवाणी संचापुढे ध्वनिग्राहक धरून, ‘आता कोणी बोलू नका’ म्हणून आईबापांना दटावून, त्यांनी भागामागून भाग ध्वनिफितीवर उतरवून घेतले. पुन्हा पाहायला मिळणार नाही, निदान ऐकायला तरी मिळावे, एवढाच हेतू. पुढे, २००६ मध्ये, १९६८ सालच्या एका कथेचे दोन हरवलेले भाग रेखाचित्रे हलवून पुन्हा तयार करण्यात आले, ते अशा घरगुती ध्वनिमुद्रणाच्या आधारावर. आमच्या अनसिंगला वाशिम-पुसद रस्त्यावरच्या कोणत्याही जुन्या घरात माळा उघडून पाहा. बुरशी धरलेल्या कॅसेटी निघतील. कीर्तने, भारुडे, लग्नातल्या मंगलाष्टका, रेडिओवरून उतरवून घेतलेली गाणी. त्या उतरवणाऱ्यालाही कोणी इतिहासकार म्हटले नव्हते.

असो. चाहत्यांची एक पिढी अशी तयार झाली की जिने ही नाटके डोळ्यांइतकीच कानांनी ओळखली होती. १९८४ च्या सुमारास त्यांच्यातल्या बिल बॅग्ज आणि गॅरी रसेल या दोघा तरुणांनी ठरवले की आता नुसते ऐकायचे नाही, आपणच नाटके करायची. नवी कथा, नवा डॉक्टर, कॅसेटवर. उपक्रमाचे नाव त्यांनी ठेवले ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’. डोळ्यांना काहीच न दाखवणाऱ्या नाटकांना हे नाव, म्हणजे थोडा आगाऊपणा आहे त्यात. तरुणपणी तो शोभतो.

नवा डॉक्टर त्यांना करता आला याला एक कारण होते. मूळ मालिकेतला पहिला नट १९६६ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा लेखकांनी युक्ती काढली की मरणाच्या दारी पोचला म्हणजे डॉक्टरचा कायापालट होतो आणि तो नव्या चेहऱ्याने उठून बसतो. त्यामुळे आणखी एक डॉक्टर मानायला कथेत जागाच होती. आपल्याकडे दशावतार जाणणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. नमुन्यादाखल केलेल्या पहिल्या नाटकात ही भूमिका स्टीफन पेन यांनी केली. त्यानंतर लगेच माणूस बदलावा लागला आणि निकोलस ब्रिग्ज हा तरुण डॉक्टर झाला. तोच पुढे अखेरपर्यंत राहिला; लिहूही लागला.

आता अडचण कोणती ते सांगतो. कॅसेटच्या काळात घरगुती नभोनाट्य बांधणे म्हणजे कसे? संवाद एका फितीवर घ्यायचे. त्यावर पावलांचे, दारांचे, स्फोटांचे आवाज मिसळून दुसऱ्या फितीवर उतरवायचे. त्यावर संगीत चढवून तिसरीवर. प्रत्येक उतरवणुकीत आवाजाचे पाणी थोडे कमी होते आणि फितीची सूं-सूं वाढते. तिसऱ्या प्रतीत परग्रहावरचा वारा वाहू लागतो, तो लेखकाने लिहिलेला नसतो! त्यात एखाद्याचे वाक्य चुकले तर नुसते त्याचे वाक्य पुन्हा घेऊन भागत नाही. खोली तीच हवी, अंतर तेच हवे, बाहेर मोटार जाता कामा नये. आणि ही माणसे नोकरी, अभ्यास सांभाळून जमणार. रंगमंचावर चूक झाली तर प्रेक्षक हसतात आणि विसरतात. फितीवरची चूक कायमची. श्रोता ती मागे नेऊन पुन्हा ऐकतो.

याहून खोल अडचण नटांची. एकाच मित्रमंडळात सगळ्यांचे वय सारखे, बोलण्याची ढब सारखी. रंगमंचावर पांढरी दाढी लावून म्हातारा होता येते. आवाजाला दाढी लावता येत नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्याला चौघे एकसारखे वाटले, की कोण कोणाला मारतो आहे तेच कळत नाही. संपली कथा. चांगल्या नभोनाट्यात पात्रयोजना म्हणजे खरे तर आवाजांची निवड असते, हे ही मंडळी चुकत-माकत शिकली. जुन्या मालिकेत १९७५ साली डॅव्हरॉस या खलपुरुषाची भूमिका गाजवलेले मायकेल विशर यांच्यासारखे अनुभवी नट या पोरांच्या नाटकांत आवाज द्यायला आले, ही त्या शिकण्याला मिळालेली पावती म्हणायची.

आणि तिसरी अडचण, कायद्याची. डॉक्टर हे पात्र बी. बी. सी. च्या मालकीचे. त्यातले डॅलेक नावाचे दुष्ट यंत्रजीव लेखक टेरी नेशन यांचे. त्यांचे हक्क त्यांनी स्वतःजवळ राखलेले. या मुलांनी कोणाचीच अनुमती घेतलेली नव्हती. नफा घ्यायचा नाही, चाहत्यांनी चाहत्यांसाठी प्रती काढायच्या, एवढे पथ्य त्यांनी सांभाळले. पण नफा घेतला नाही म्हणून परवानगीची गरज संपते का? माझ्या मते संपत नाही. आपल्याकडे गावच्या मंडळाने नाटक बसवले तरी नाटककाराची परवानगी घ्यावी, मानधन पाठवावे, हीच सभ्य रीत. मी त्यांची वकिली करीत नाही. पण दुसरी बाजूही पाहा. फेब्रुवारी १९८५ मध्ये बी. बी. सी. ने मालिका दीड वर्ष थांबवीत असल्याचे जाहीर केले. त्या उन्हाळ्यात तिच्या रेडिओ विभागाने एक छोटेसे नभोनाट्य दिले, तेवढेच. मालिका परत आली, पण ६ डिसेंबर १९८९ रोजी बंदच पडली. मालक घराला कुलूप लावून निघून गेला आणि आत दिवा लावायला शेजारची पोरे भिंतीवरून उडी मारून येत राहिली, असा हा प्रकार. उडी बेकायदा खरी. दिवा मात्र खरा होता. १९९१ पर्यंत त्यांनी पंचवीसहून अधिक नाटके केली.

आपल्या देशातही शौकिनांना कधी दार उघडे मिळाले आहे. १९६६ मध्ये आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ‘सबुज मानुष’, म्हणजे ‘हिरवा माणूस’, ही विज्ञानकथा सादर झाली. ती चौघांनी मिळून रचली होती: प्रेमेंद्र मित्र, अद्रीश वर्धन, दिलीप रायचौधुरी आणि सत्यजित राय. अद्रीशबाबू तर केवळ वेडापायी विज्ञानकथांचे मासिक चालवणारे. केंद्राचे यंत्र, केंद्राचे तंत्रज्ञ. फितीची सूं-सूं त्यांच्या वाट्याला आली नाही. आपल्या मराठीत, त्याच १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने पुढे विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. १९७४ मध्ये तिचे पहिले बक्षीस ‘कृष्णविवर’ या कथेला मिळाले. लेखक कोण, तर नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून, नावाचा दबदबा दाराबाहेर ठेवून, एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ हौशी लेखकांच्या रांगेत उभा राहिला होता. मला ही गोष्ट त्यांच्या अनेक सन्मानांपेक्षा अधिक आवडते.

पुन्हा विलायतेकडे वळू. ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’ची नाटके सारीच उत्तम होती असे मी म्हणणार नाही. तरुणांच्या लेखनात जो पाल्हाळ असतो, तो त्यांतही असणारच. कारण पुढे त्यांतली काही पुन्हा हातात घेण्याची वेळ आली तेव्हा ती नव्याने लिहावी लागली. आणि ती वेळ आली, हेच विशेष. ‘बिग फिनिश’ या संस्थेने बी. बी. सी. कडून रीतसर परवाना मिळवला. निर्मिती गॅरी रसेल यांच्याकडे आली. जुलै १९९९ मध्ये तिचे पहिले ‘डॉक्टर हू’ नभोनाट्य निघाले, ‘द सायरन्स ऑफ टाइम’. लेखन आणि दिग्दर्शन निकोलस ब्रिग्ज. ज्या पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मकॉय यांना ही पोरे पडद्यावर पाहत आली होती, तेच तिघे आता त्यांच्यापुढे संहिता घेऊन ध्वनिग्राहकासमोर उभे होते. २००० आणि २००१ मध्ये ‘द म्युटंट फेज’, ‘सोर्ड ऑफ ओरायन’ आणि ‘मिन्युएट इन हेल’ ही तीन जुनी कॅसेट-नाटके नव्या रूपात, या वेळी परवान्यानिशी, बाहेर पडली.

दूरचित्रवाणीवर ती मालिका २६ मार्च २००५ रोजी परत आली. डॅलेकांच्या हक्कांवरून आधी वाद झाला, मग तो मिटला. आता डॅलेकाला आवाज हवा होता. तो आवाज काढणे सोपे नाही. एकसुरी, चिरका, शब्दाशब्दाला तुटणारा असा बोलायचा आणि विजेच्या यंत्रातून फिरवून त्याला धातूची धार द्यायची. बी. बी. सी. ने हे काम सोपवले निकोलस ब्रिग्ज यांच्याकडे. ३० एप्रिल २००५ रोजी ‘डॅलेक’ नावाचा भाग दाखवला गेला, तेव्हा विलायतेतल्या घराघरांत मुले सोफ्यामागे लपली ती या जुन्या कॅसेटवाल्याच्या आवाजाला भिऊन.