चंदना की चेलना?



धाकट्या भावाला मुलगी झाली. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मान कसला, दोघींच्या मध्ये उभं राहायची शिक्षाच! आईला हवं होतं चंदना, भावजयीला चेलना.

आईचं म्हणणं सरळ होतं. चंदना सगळ्यांना कळतं, उच्चारायला गोड, अर्थ शीतल. भावजय म्हणाली, "वन्सं, तुमच्या नात्यातच तीन चंदना आहेत. लग्नकार्यात हाक मारली की तिघी वळून बघतात." त्यावर आई म्हणाली, "आणि चेलनेला शाळेत पोरं चेला म्हणून चिडवतील ते? शिवाय त्या बाईच्या नशिबी काय आलं ते ठाऊक आहे ना? पोटच्या पोरानं बापाला बंदीत टाकलं."

हे ऐकून मी गप्प झाले आणि रात्री पुस्तकं काढून बसले.

पहिलीच गोष्ट अशी सापडली, की या दोघी सख्ख्या बहिणी. आपल्या दिगंबर परंपरेत, गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात वैशालीच्या चेटक राजाच्या सात मुली येतात. थोरली प्रियकारिणी, म्हणजे आपली त्रिशलामाता. चेलना मधल्यांपैकी आणि चंदना सगळ्यांत धाकटी. म्हणजे दोघीही महावीरांच्या मावश्या. श्वेतांबर मैत्रिणींकडे नाती वेगळी आहेत. तिथे त्रिशला ही चेटकाची बहीण, आणि चंदनबाला ही चंपानगरीच्या दधिवाहन राजाची मुलगी वसुमती. ज्या सेठाच्या घरी ती आली, तिथे तिला चंदना हे नाव मिळालं.

चंदनेची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. पळवून नेलेली राजकन्या, कौशांबीच्या बाजारातली विक्री, मालकिणीचा संशय, पायांतल्या बेड्या आणि शेवटी तिच्या हातून महावीरांचा आहार. आपल्याकडे कोद्रवाचा भात, श्वेतांबरांकडे उडदाचे बाकुळे. पुढे ती ३६,००० आर्यिकांची प्रमुख झाली, हा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच. पुणे जिल्ह्यातल्या चासकमानच्या शकुंतलेने स्थानकवासी परंपरेत दीक्षा घेतली, तेव्हा तिलाही हेच नाव मिळालं. त्या म्हणजे १९८७ साली आचार्यपद मिळालेल्या, २०२२ साली पद्मश्री झालेल्या आचार्य चंदनाजी. असं नाव घरोघरी पोचलं तर नवल नाही.

आता चेलना. मगधाच्या श्रेणिक राजाने तिचं चित्र पाहिलं आणि त्याला तीच हवी झाली. त्याचा मुलगा अभयकुमार व्यापारी होऊन वैशालीला गेला. ज्येष्ठा आणि चेलना दोघी निघायला तयार झाल्या. पण ज्येष्ठा दागिने आणायला परत फिरली आणि चेलना एकटीच पुढे गेली. ज्येष्ठा मग आर्यिका झाली. हा भाग मलाही खटकतो, खोटं कशाला बोलू! पण राजगृहाला पोचल्यावर तिला काय दिसलं? नवरा बौद्ध, आणि आपल्या मुनींची टिंगल करणारा. सासरी आपला धर्म एकटीने सांभाळणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या कितीजणींना वेगळं सांगायला नको.

श्रेणिकाने ध्यानस्थ यशोधर मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि काही दिवसांनी घरी येऊन हसत सांगितलं. वर म्हणाला, त्यांनी तो केव्हाच काढून फेकला असेल. चेलना म्हणाली, खरे मुनी असतील तर तसेच बसलेले असतील. रात्रीच दोघं गेले. मुनी तसेच होते, अंगावर मुंग्यांची रांग. तिने खाली साखर पसरली, मुंग्या उतरू दिल्या आणि मग साप काढला. एकही मुंगी मारली नाही. मला ही साखर फार आवडते. घर चालवणाऱ्या बाईलाच सुचेल अशी युक्ती आहे ती. सकाळी मुनींनी डोळे उघडले आणि दोघांना सारखाच आशीर्वाद दिला. तिथे श्रेणिक बदलला.

आता हे बघा. आपलं कोणतंही पुराण उघडा, बहुतेक ठिकाणी सुरुवात काय असते? विपुलाचलावर समवसरण, श्रेणिक राजा प्रश्न विचारतो आणि गौतम गणधर उत्तर देतात. आपल्या मराठीतही गुणदासांनी श्रेणिकचरित्र लिहिलं. त्याच्या नावाचे श्रेणिक आपल्या गल्लीगल्लीत आहेत. त्याला त्या वाटेवर आणणारीचं नाव ठेवायला मात्र आपण कचरतो.

राहिला आईचा मुद्दा. तो खरा आहे. चेलनेच्या मुलाने, कुणिकाने, बापाला कैदेत टाकलं आणि तिथेच श्रेणिकाचा अंत झाला. इतिहासाच्या पुस्तकांत हेच दोघं बिंबिसार आणि अजातशत्रू या नावांनी येतात. कैदेची हकीकत बौद्ध ग्रंथांतही आहे, फक्त तिथे अजातशत्रूची आई कोसलदेवी आहे. पण ही पळवाट मी आईला सांगितली नाही. आपण चेलनेला आपली म्हणायचं तर तिचं दुःखही आपलंच म्हणायला हवं. आणि सोसणं पाहून नाव टाळायचं, तर मग चंदनेने काय कमी सोसलं? बेड्या तर तिच्याच पायांत होत्या.

दुसऱ्या दिवशी आईला एवढंच म्हटलं, "सगळं झाल्यावर चेलना कुठे गेली माहीत आहे? तिने दीक्षा घेतली ती चंदना आर्यिकांकडे."

आई लसूण नाही, कांदा नाही अशा आमच्या आमटीला फोडणी देत होती. हात थांबला. "म्हणजे शेवटी धाकट्या बहिणीकडेच गेली," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोललीच नाही. संध्याकाळी भावजयीला विचारताना ऐकलं, "घुगऱ्यांना हरभरे किती भिजवायचे गं? चेलनेच्या आजोळची माणसं किती येणार?"

बारशाला कानात नाव मी सांगितलं. पाळण्याची दोरी आईच्या हातात होती.