आधी नोंद, मग हात

समजा, सोमवारी सकाळी कळमेश्वरच्या एखाद्या शाळेत प्रयोगशाळेचे कुलूप तुटलेले दिसले. आपण काय करू? आत धावू, काचा झाडून घेऊ, उघडे कपाट लावून टाकू. पोलीस येतील तेव्हा खोली स्वच्छ असेल, पण तिच्यापाशी सांगण्यासारखे काही उरलेले नसेल. हात लावण्याआधी नोंद करावी, हा नियम आज साधा वाटतो. तो रुजायला मात्र बराच काळ लागला.

ऑस्ट्रियातील तपास-दंडाधिकारी हान्स ग्रोस यांनी १८९३ मध्ये गुन्ह्याच्या तपासाची पद्धत सांगणारा ग्रंथ लिहिला. माणसांच्या साक्षीइतकेच वस्तूंच्या साक्षीला त्यांनी महत्त्व दिले. भारतातील परिस्थितीशी जुळवून घेतलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९०६ मध्ये मद्रासला छापले गेले. त्याच सुमारास पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फोन्स बर्तियों उंच तिवईवर कॅमेरा चढवून घटनास्थळाची छायाचित्रे घेत. छायाचित्राच्या कडेला मापे असत. त्यांवरून अंतरे काढता येत.

मग नकाशा कशाला हवा? छायाचित्रात जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते. नकाशासाठी मात्र आपण खोलीच्या दोन कोपऱ्यांपासून वस्तूची अंतरे मोजतो आणि तिची जागा पक्की होते. तीन बाजू ठाऊक असल्या की त्रिकोण ठरतो, हे आपण वर्गात शिकवतोच. आणि खोलीत कसला वास होता, पाणी कोमट होते का, आधी कोण आत जाऊन आले, हे लेखी टिपणच सांगू शकते. आपल्याकडे पंचांसमक्ष होणाऱ्या पंचनाम्यात अशा गोष्टी लिहिल्या जातात.

क्षुल्लक वाटणारी गोष्ट किती मोलाची ठरते, हे मुंबईच्या नानावटी खटल्यात दिसले. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्वरच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा मरण पावले. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. पण नुकत्याच स्नान केलेल्या आहुजांच्या अंगावरचा टॉवेल सुटलेला नव्हता. झटापट झाली असती तर तो जागच्या जागी राहिला असता का? १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, तेव्हा इतर पुराव्यांबरोबर हा टॉवेलही विचारात घेतला. पहिल्या क्षणी त्याचे महत्त्व कोणाला कळणार? म्हणूनच महत्त्वाचे काय ते ठरण्याआधी सगळेच टिपायचे असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची आणि चित्रीकरणाची तरतूद आहे. साधने बदलली, तरी मूळ शिस्त तीच आहे.

ती वर्गात करून पाहता येईल. टेबलावर दहा वस्तू विस्कटून ठेवा. एका गटाने छायाचित्रे घ्यावीत, दुसऱ्याने मोजून नकाशा काढावा, तिसऱ्याने टिपणे लिहावीत. मग सगळे आवरा आणि बाहेर थांबलेल्या मुलांना केवळ या नोंदींवरून टेबल पुन्हा तसेच मांडायला सांगा. कोणती नोंद कुठे अपुरी पडली, ते मुलांनाच शोधू द्या.