खरखर मोटारीइतकीच जुनी

गाडीत नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवला की इंजिन सुरू होताच गाण्यामागून बारीक शिट्टी ऐकू येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तशी ती चढत जाते. अशा वेळी दोष बहुधा नव्या यंत्राच्या माथी येतो. पण गाडीतल्या ध्वनियंत्रणेचा इतिहास पाहिला तर खोट यंत्रापेक्षा मोटारीच्या विद्युतरचनेत जास्त सापडते. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी 1930 मध्ये ‘मोटोरोला’ हा रेडिओ विक्रीस आणला. त्याआधीही गाड्यांत रेडिओ होते, पण इंजिन चालू असताना ते नीट ऐकू येणे मुश्कील होते. मार्कोनीची सुरुवातीची प्रक्षेपणयंत्रे विजेच्या ठिणगीवर चालत, आणि पेट्रोल इंजिनाचा स्पार्क प्लगही ठिणगीच पाडतो. म्हणजे प्रत्येक गाडी रेडिओशेजारीच एक प्रक्षेपक घेऊन फिरत होती. म्हणून रेडिओ बसवणाऱ्याला प्लगच्या तारांत रोधक घालावे लागत, डायनॅमोवर कंडेन्सर लावावा लागे. या धंद्याचे कसब संगीताच्या आधी शांततेसाठी घडले, असे मी म्हणतो ते यामुळेच.

ठिणगीचा उपद्रव पुढे बराच आटला, पण दुसरे मूळ वाढत गेले. तांब्याची तार वाचावी म्हणून मोटारीत विजेचा परतीचा मार्ग गाडीच्या पत्र्यातूनच ठेवला गेला. दिवे, वायपर, पंखा, सगळ्यांचा प्रवाह त्याच पत्र्यातून परततो. डॅशबोर्डातला स्टिरिओ एका जागी आणि डिकीतला अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या जागी अर्थ केला, की दोन जागांच्या विद्युतदाबातला किरकोळ फरकही सिग्नलमध्ये मिसळतो आणि मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. 1960 च्या दशकात डायनॅमोची जागा आल्टरनेटरने घेतली. त्याच्या वेगाबरोबर चढणारी लहर म्हणजेच ती शिट्टी. त्यात ताकदीची हाव आली. 14.4 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला, ब्रिज जोडणीतही, स्वच्छ असे जेमतेम 26 वॅट मिळतात. त्याहून जास्त हवे तर दाब चढवावा लागतो. व्हॉल्व्हच्या रेडिओत हे काम थरथरणारा व्हायब्रेटर करी, आज मॉस्फेट जातीचे ट्रान्झिस्टर करतात. 500 वॅटचा साधा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात 60 अँपिअरच्या आसपास ओढतो. इतक्या प्रवाहात अर्थच्या सांध्यात 0.02 ओहम रोध असला, तर तिथेच 1.2 व्होल्ट आणि 72 वॅट उष्णतेत जातात. बास वाजताच अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो तो अनेकदा यामुळे.

यावर कोणी म्हणेल, ही जुनी दुखणी झाली. आता सगळे डिजिटल आहे. 1955 मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ आणला आणि व्हायब्रेटरची गुणगुण संपली, हे खरेच. पुढे काही महागड्या गाड्यांत सिग्नल प्रकाशतंतूतून, प्रकाशाच्या रूपात धावू लागला. पण प्रकाशाने सिग्नल जातो, ताकद जात नाही. ती आजही बॅटरी आणि आल्टरनेटर यांच्याकडूनच येते. स्वस्त माल आणि घाईची जोडणी हेही कारण असते, मात्र आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढत असेल तर संशय आधी अर्थिंगवर आणि वीजपुरवठ्यावर घ्यावा. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी, बास जोरात वाजत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थ टोक यांच्यात मीटर लावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर सांधा उघडा, खालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडा आणि बोल्ट घट्ट आवळा.