हस्तलिखित, वार्षिकांक आणि दुर्गदबैलची पोरं



दुर्गदबैलच्या संध्याकाळचे, गाड्यांवरच्या गर्दीचे फोटो ग्रुपवर नेहमी येतात. आज विषय जरा वेगळा आहे. शाळेचा वार्षिकांक आणि त्याच्याही आधीचं हस्तलिखित.

नवीन मंडळींसाठी आधी नावाचं सांगतो. कन्नडात ‘बयलु’ म्हणजे मोकळं मैदान, म्हणून दुर्गदबैल म्हणजे किल्ल्यापुढचं मैदान. त्याच्या आजूबाजूला मराठा गल्ली, दाजीबान पेठ, जवळी साळ. घरात मराठी, दुकानात कन्नड, शाळेत दोन्ही आणि वर इंग्रजी, अशी इथली पोरं. धारवाड जिल्हा १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्या पिढीला यात काही वेगळं वाटत नसे.

अमेरिकेतल्या हायस्कुलात ‘ईयरबुक’ हा चक्क एक तास असतो. त्याला मार्क असतात, शिक्षक असतात, कामाची वाटणी असते. आमच्याकडे तास नव्हता, मार्क तर नव्हतेच. पण वाटणी मात्र पक्की होती की!

मराठी शाळांत ही चाल कशी मुरली ते बघायचं तर अमळनेरला जावं लागतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढत, पुढे १९२८ ला ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. लिहिणं ही रोजची जबाबदारी आहे, गॅदरिंगपुरती हौस नव्हे, हे मुलांना त्यातून कळलं.

आपल्या भागात तर उदाहरणं समोर होती. कन्नडचे महाकवी द. रा. बेंद्रे धारवाडच्या व्हिक्टोरिया हायस्कुलात शिकवत, आणि त्यांच्या घरची बोली मराठी. मराठीचे कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या जे.एस.एस. कॉलेजात इंग्रजी शिकवत. एका भाषेत जगायचं, दुसरीत लिहायचं, तिसरीत शिकवायचं. इथं ते नवल नव्हतं.

आता कामांची वाटणी. संपादक म्हणजे मिरवणारा नव्हे. घरोघरी जाऊन लेख मागून आणणारा. ‘उद्या देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात उद्या पुन्हा उभा राहणारा. ज्याचं अक्षर वळणदार तो लेखनिक: फुलस्केप कागद, समास आखलेला, टाक आणि काळी शाई. एक चूक झाली की अख्खं पान पुन्हा. चित्रकारानं शीर्षकं सजवायची, एकानं अनुक्रमणिका करायची, एकानं बाइंडिंगवाल्याकडे खेपा घालायच्या. एवढं करून प्रत निघायची एकच! ती वाचनालयात, आणि वाचायला नंबर लावायचा.

छापील वार्षिकांक आला तेव्हा प्रती वाढल्या, कामंही वाढली. कन्नड, मराठी, इंग्रजी असे विभाग आणि प्रत्येकाला विद्यार्थी-संपादक. मराठीवाल्याचं मोठं काम मुद्रितं तपासायचं. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला तो ‘ऱ्य’ हिंदीत लागत नाही, त्यामुळे खिळ्यांच्या पेटीत तो सापडला नाही की ‘दुसर्या’ छापून यायचं. लाल पेन्सिल घेऊन पोरगं प्रेसमध्ये कंपोझिटरच्या बाकड्याशेजारी बसे.

सगळ्यात अवघड काम मात्र ग्रुप फोटोखालच्या नावांचं. ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’. गैरहजर कोण, तेही लिहायचं. शिपाईमामांचं नाव विसरायचं नाही. वर्ग पांगला की कोण कुठं गेलं ते कुणाला आठवणार? ती एक ओळ तेवढी राहते.

इथंच खरी गोम आहे बघा. कुलकर्णी, देशपांडे, देसाई, जोशी ही आडनावं इकडे कन्नड घरांतही आणि मराठी घरांतही. शाळेच्या रजिस्टरातल्या नावावरून घरची भाषा ओळखता येत नाही. पण वार्षिकांकाच्या मराठी विभागात ज्यानं लेख दिला, तो कुठल्या भाषेत विचार करत होता ते तिथं नोंदलं गेलं. पुढे मराठी वर्ग कमी होत गेले तशी या विभागाची पानंही कमी झाली. म्हणजे हुबळीच्या मराठी पोरांचा, त्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास बऱ्याच अंशी याच पानांत आहे. सरकारी दप्तरात त्यांची जन्मतारीख मिळेल, पावसाळ्यावरचा निबंध मिळणार नाही.

म्हणून एक काम. माळ्यावर, ट्रंकेत, अण्णांच्या कपाटात असा अंक असेल तर रद्दीत देऊ नका. उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढा. मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत, एकही पान न सोडता. जुनं बाइंडिंग ताणू नका, शिवण उसवते. ग्रुप फोटोचं पान आधी. आणि घरातल्या अक्का-मावशींना शेजारी बसवून विचारा, ‘तिसऱ्या ओळीतला हा कोण गं?’ त्या सांगतील ते लगेच लिहून ठेवा. नावं सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.